पहिलं स्वतःचं एअर पिस्टल घ्यायचंय, हात लहान आहे, काय बघून ठरवू?

सहावी_सिरीज

नमस्कार सगळ्यांना. १० मीटर एअर पिस्टल सुरू करून मला दहा महिने होत आलेत, आत्तापर्यंत क्लबच्याच पिस्तुलावर करतेय. स्कोअर ६०० पैकी ५२८ ते ५४१ च्या मध्ये फिरतोय, पहिल्या तीन सिरीज (दहा-दहा शॉटच्या) बऱ्या जातात, ९१-९२ येतात, आणि पाचवी-सहावी आली की ८५ वर घसरते. कोच म्हणतात आता स्वतःचं घे, त्याशिवाय पुढे सरकणार नाहीस.

अडचण अशी की क्लबचं पिस्तूल आम्ही चौघं वापरतो. ग्रिप मीडियम आहे आणि माझा हात लहान, त्यामुळे ट्रिगरपर्यंत बोट पोचवायला हात थोडा उजवीकडे फिरवून धरावं लागतं. शिवाय रोज कोणीतरी खालची पट्टी (पाम शेल्फ) वरखाली केलेली असते, रिअर साईटचे (मागच्या खाचेचे) क्लिक बदललेले असतात, म्हणजे सायटिंगचे (मॅचआधीचे, न मोजले जाणारे) पंधरा-वीस शॉट नुसतं परत जागेवर यायलाच जातात.

डोक्यात असलेली नावं : स्टायर इव्हो १०, मोरिनी १६२ (ट्रिगर मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक हेच ठरत नाहीये), वॉल्थर एलपी५००, फाइनवेर्कबाउ पी८एक्स. एकजण हॅमर्ली एपी२० पण पुरेल म्हणाला. जुनं स्टायर एलपी१० पण मिळू शकतंय. नेटवर वाचून वाचून डोकं भंजाळलंय, प्रत्येकजण स्वतःकडचंच बेस्ट म्हणतो. नक्की कुठला फरक स्कोअरमध्ये दिसतो आणि कुठला नाही ते सांगाल का? पैसे एकदाच घालणारे, चूक परवडणार नाही.

जुना_नेमबाज

ताई, तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलंय, दुसऱ्या परिच्छेदात. हात फिरवून धरावा लागतो हेच तुमचं दुखणं आहे, कंपनी नंतर बघू.

थोडं गणित सांगतो. समजा फ्रंट साईट (पुढची पट्टी) आणि रिअर साईटमधलं अंतर ३३ सेंमी आहे (बहुतेक मॅच पिस्तुलांत याच्याच आसपास असतं), आणि टारगेट १० मीटरवर, म्हणजे जवळजवळ तीसपट लांब. आता हात हलला आणि सगळं पिस्तूल जसंच्या तसं १ सेंमी बाजूला सरकलं, पण साईट एकमेकींशी सरळ राहिल्या, तर छर्रापण १ सेंमीच बाजूला जाणार, म्हणजे नऊ. पण मनगटात पिस्तूल वळलं आणि फ्रंट साईट खाचेत फक्त १ मिमी बाजूला गेली, तर टारगेटवर ३ सेंमी! दहाचं वर्तुळच मुळात ११.५ मिमी व्यासाचं आहे. ३ सेंमी म्हणजे सरळ सात. म्हणून हात थरथरतो याची काळजी सगळे करतात पण खरे पॉइंट जातात ते साईट वाकडी झाल्याने, आणि साईट सरळ ठेवायचं काम पहिल्यांदा ग्रिप करते, डोळा नंतर.

कुठलंही पिस्तूल हातात घेतलं की ही टेस्ट करा. नेहमीसारखं उभं राहा, पिस्तूल रिकामं, तोंड टारगेटकडे. डोळे मिटा. हात उचला, मनगट तुमच्या सवयीने जसं बसेल तसं बसू द्या, दोन श्वास घ्या आणि मग डोळे उघडा. फ्रंट साईट खाचेत मधोमध दिसली पाहिजे, दोन्ही बाजूला सारखा उजेड. दहा वेळा करा. दहातल्या आठ वेळा उजवीकडेच दिसत असेल तर ती ग्रिप तुमची नाही, मग पिस्तुलावर नाव कुठलंही असू दे. वर-खाली होत असेल तर ग्रिपचा कोन बदलून बघता येतो, बऱ्याच नवीन पिस्तुलांत ती सोय असते. पण बोटच पोचत नसेल तर साईज बदलण्याशिवाय इलाज नाही.

आणि बोट पोचणं म्हणजे कसंबसं टेकणं नव्हे. पहिल्या पेराच्या मधला भाग ट्रिगरवर यायला हवा आणि बोटाचा मागचा भाग लाकडाला घासता कामा नये, मध्ये कागद सरकेल एवढी फट पाहिजे. ती नसली की ट्रिगर दाबताना बोट लाकडाला ढकलतं आणि शॉट बाजूला. तुमच्या पाचव्या-सहाव्या सिरीजचं हेच होत असणार, दमल्यावर हात मूळ जागी परत जायला बघतो, तुम्ही दहा महिने त्याला फिरवून धरलंय.

तर पहिलं काम, तळहाताची रुंदी आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेघेपर्यंतची लांबी मोजा. कंपन्यांचे ग्रिपचे तक्ते त्यावर असतात. एक्सएस किंवा एस लागेल असं वाटतंय. बऱ्याच चांगल्या कंपन्या लहान साईज देतात.

रिकामी_नळी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, मी फक्त ट्रिगरबद्दल लिहितो कारण मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक विचारलंय.

नियम एवढाच की ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा पाहिजे, म्हणजे ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरवर उचललं तर शॉट सुटता कामा नये. इलेक्ट्रॉनिकलाही तोच नियम. फरक जाणवण्यात आहे. मेकॅनिकलमध्ये सिअरचे (आतल्या खटक्याचे) दोन भाग एकमेकांवर घासत सुटतात, चांगला सेट केला तर घासणं कळतही नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रिगर म्हणजे नुसतं एक बटण, हवा सोडायचं काम सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) करतो, त्यामुळे वर्षानुवर्षं एकसारखा राहतो आणि ड्राय फायर (छर्रा न घालता ट्रिगरचा सराव) करायला फार छान. मी दोन्ही वापरलेत. इलेक्ट्रॉनिकवर माझा स्कोअर वाढला का? नाही. सराव जास्त झाला का? हो, कारण घरी भिंतीकडे बघून ड्राय फायर करताना दर वेळी काही कॉक करावं (खटका चढवावा) लागत नाही.

उलट बाजू पण लक्षात ठेवा. टोकियो ऑलिम्पिकला मनू भाकरच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात क्वालिफिकेशन चालू असताना बिघाड झाला होता, दुरुस्तीत वेळ गेला आणि ती ५७५ वर बारावी राहिली, फायनलला आठच जातात. एवढ्या वरच्या लेव्हलला, एवढ्या मेंटेनन्समध्ये असलेलं पिस्तूल. म्हणून इलेक्ट्रॉनिक घेतलं तर बॅटरी, सर्किट कोण बघणार, पार्ट किती दिवसांत येणार हे आधी विचारा. मेकॅनिकलचं बरंचसं काम तुम्ही ॲलन की घेऊन टेबलावर करू शकता.

ट्रिगरचं वजन एकदम काठावर ठेवू नका. मी ५१५-५२० ठेवतो. चेकिंगला पिस्तुलात हवा भरलेली आणि पिस्तूल कॉक केलेलं असावं लागतं, आणि मॅच संपल्यावर पण रँडम चेक होतो, त्यात वजन उचललं नाही गेलं तर तीन प्रयत्नांनंतर थेट डिस्क्वालिफाय. माझ्याच शेजारच्या लेनवरच्या मुलाचं झालेलं बघितलंय, चांगला ५६० मारून बसला होता पोरगा. स्क्रू सैल झाला असेल कदाचित, कोण जाणे, पण तो दिवस गेला.

ट्रिगर दाबताना पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा यातली वजनाची वाटणी पण बघा. मला पहिल्या टप्प्यात जास्त वजन आवडतं, म्हणजे ४०० च्या आसपास तिथेच उचललं जातं आणि शेवटच्या धक्क्याला थोडंच उरतं. काहींना उलट आवडतं. ट्राय करताना विक्रेत्याला किंवा मालकाला विचारून दोन्ही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मधुरा_नेम

सहावी_सिरीज, माझा हात पण लहान, म्हणून लिहितेय. वजनाचं कोणी बोललं नाही अजून. नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत चालतं पण बहुतेक मॅच पिस्तुलं १ किलोच्या आतबाहेर असतात. ऐकायला सगळी सारखी वाटतात पण वजन कुठे आहे त्याने फार फरक पडतो. तोंडाकडे जड असलेलं पिस्तूल स्थिर वाटतं, पहिल्या वीस शॉटला खूपच छान वाटतं, आणि चाळीसाव्या शॉटनंतर खांदा बोलायला लागतो. मी असंच दुकानात पाच वेळा हात उचलून "वा, काय स्थिर आहे" म्हणून घेतलं होतं, नंतर सगळी पुढची वजनं काढून टाकावी लागली तेव्हा कुठे ६० शॉट नीट निघायला लागले. मॅचला ६० शॉट ७५ मिनिटांत, त्याआधी १५ मिनिटं सायटिंग, शिवाय तुम्ही हात उचलून न मारता परत खाली ठेवता ते वेगळंच, मी एका मॅचला मोजलं तर हात शंभरच्या वर वेळा उचलला गेला होता.

तर ट्रायलला पाच शॉट मारून ठरवू नका प्लीज. निदान ४० शॉट, तेही तुमच्या नेहमीच्या वेगाने, आणि शेवटचे दहा कसे जातात तेच बघायचं. काही मॉडेलना आखूड नळीचा प्रकार पण असतो, मोरिनी १६२ चा शॉर्ट आहे, ते हातात घेऊन बघा एकदा. साईटमधलं अंतर थोडं कमी होतं पण खांदा वाचतो.

ॲब्सॉर्बरबद्दल नेटवर खूप लिहितात (आत एक छोटं वजन उलट दिशेला सरकून झटका शोषतं), ते चांगलंच असतं, शॉटनंतर साईट जागेवर राहते आणि आपली चूक आपल्याला दिसते. पण ५४० ला त्याने पॉइंट वाढत नाहीत हो. त्यावरून निवड करू नका.

दोन_सिलेंडर

सेकंडहँड एलपी१० चा विषय निघालाय म्हणून. पिस्तूल उत्तमच आहे, आत खराब होण्यासारखं फार काही नाही, ओ-रिंग (रबरी कड्या) बदलल्या की चालतं. पण सिलेंडर (पिस्तुलाची हवेची छोटी टाकी) बघा, सिलेंडर!! मी जुनं घेतलं तेव्हा (कोणाकडून ते जाऊ दे) नळी पाहिली, ट्रिगर पाहिला, ग्रुप पाहिला, पाच छर्रे एकाच भोकात, खुश होऊन घेऊन आलो. पहिल्याच मॅचच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साधनांच्या तपासणीला) त्यांनी सिलेंडर फिरवून तारीख दाखवली. दहा वर्षं होऊन गेलेली. दोन्ही सिलेंडरची. सिलेंडरची मुदत बघायची जबाबदारी नेमबाजाचीच असते, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती, एका मित्राचं सिलेंडर मागून घेतलं, नशिबाने थ्रेड जुळले. नवीन दोन सिलेंडर घेतल्यावर जे स्वस्त वाटलं होतं ते स्वस्त राहिलं नाही.

जुनं घेताना माझी पद्धत आता अशी: सिलेंडरवरची कोरलेली तारीख आधी वाचायची, पुसट असेल तर घ्यायचंच नाही. २०० बारपर्यंत भरायचं, गेजचा फोटो काढायचा, पिस्तुलाला लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळतंय. मग क्रोनोग्राफवर दहा शॉट, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास असतो, आकडा थोडा कमीजास्त चालेल पण दहाही शॉट एकमेकांच्या जवळ पाहिजेत. एक १५० आणि पुढचा १४१ असं व्हायला लागलं तर रेग्युलेटर (दर शॉटला सारखाच दाब देणारा भाग) साफ करावा लागणार.

आणि कृपा करून सिलेंडरच्या थ्रेडला घरातलं मशिनचं तेल लावू नका कोणी. जास्त दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही नखावर मावेल एवढंच.

सरळ_बोट

मी जरा वेगळं मत मांडतो. सगळे एकदम वरच्या पिस्तुलांवरच का जातायत? बायकल ४६एम सारखं सिंगल स्ट्रोक घ्या, लिव्हर एकदा ओढली की एका शॉटची हवा भरते, सिलेंडर नाही, तारीख नाही, पंप नाही, टाकी नाही. अचूकता म्हणाल तर क्लॅम्पमध्ये धरून सगळे दहा. मी त्यावर ५५० पार केलंय. ग्रिप लाकडी, जाड, हवी तशी कापता येते.

जुना_नेमबाज

सरळ_बोट, ५५० साठी मनापासून अभिनंदन, आणि ४६एम मलाही आवडतं, माझी सुरुवात त्यावरच झाली. पण ताईंचा हात लहान आहे, ते पिस्तूल १.३ किलोच्या घरात जातं आणि पुढे जड आहे, वर दर शॉटला लिव्हर ओढायची. शेवटच्या दोन सिरीज आधीच पडतायत त्यात ही भर नको. ज्याचा खांदा दणकट आहे, हवा भरायची सोय जवळपास नाही, त्याने जरूर घ्यावं.

ताई, एपी२० बद्दल तुम्ही विचारलं होतं ते राहून गेलं. वाईट नाही, हलकं आहे. ग्रिप तुम्हाला बसली आणि बजेट तेवढंच असेल तर घ्या आणि वाचलेले पैसे छर्ऱ्यांत घाला. मी तुमच्या जागी असतो तर तेवढंच म्हणालो असतो. चांगल्या कंपनीचे मॅच छर्रे चार प्रकारचे आणा, ४.४९, ४.५० अशा वेगवेगळ्या हेड साईजचे, पिस्तूल टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा मारा, नळीला जो आवडेल त्याचाच मोठा स्टॉक. पिस्तुलासाठी हलके छर्रे, अर्ध्या ग्रॅमच्या आत, झटका कमी लागतो.

सहावी_सिरीज

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन आठवडे लागले पण तीन पिस्तुलं नीट ट्राय करता आली म्हणून लिहितेय.

डोळे मिटायची टेस्ट पहिल्यांदा क्लबच्याच पिस्तुलावर केली. दहातल्या नऊ वेळा फ्रंट साईट उजव्या भिंतीला चिकटलेली!! म्हणजे मी दहा महिने दर शॉटला ती ओढून मध्ये आणत होते आणि मला वाटायचं सगळ्यांनाच असं करावं लागतं. कोचना दाखवलं तर तेही गप्प झाले थोडा वेळ.

मग एका ताईंचं इव्हो १०, ग्रिप एस. डोळे उघडले तर साईट मधोमध, थोडी खाली. कोन एवढासा बदलला तर ती पण आली. ४० शॉट मारले, शेवटचे दहा ९०. एलपी५०० ची ग्रिप मीडियम होती, त्यामुळे ते खरं कळलंच नाही, पिस्तुलाला दोष देत नाही. मोरिनी मेकॅनिकल, ग्रिप स्मॉल, ट्रिगर मला सगळ्यात जास्त याचाच आवडला, कधी सुटलं कळतच नाही इतका स्वच्छ, पण अंगठ्याखाली एक उंचवटा आहे तो मला टोचत होता आणि ३० शॉटनंतर मी नकळत पकड बदलायला लागले.

तर आता मन इव्हो कडे आहे. फक्त एकच प्रश्न, एस ग्रिप जवळजवळ बसली पण तळहाताच्या मध्ये, करंगळीच्या बाजूला, पोकळ वाटतं, तिथे हात टेकतच नाही. एक्सएस मागवू की हीच भरून घेऊ?

मधुरा_नेम

एस च घे आणि भर. बोट पोचतंय ना, मग साईज बरोबर आहे. लाकडाची पुट्टी मिळते ती थोडी मळायची, पोकळ जागी लावायची, हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून तुझ्या नेहमीच्या पकडीने धरायचं आणि सोडून द्यायचं. जास्तीची कडेने बाहेर येईल ती काढून टाक. वाळली की पॉलिश पेपर. एका वेळी थोडीच लाव हं, मी पहिल्यांदा एकदम जाड थर दिला आणि दुसऱ्या दिवशी सगळा खरवडून काढला.

जुना_नेमबाज

बरोबर. आणि भरताना बसून भरू नका, उभं राहून, हात टारगेटच्या उंचीला धरून भरा, बसल्यावर मनगटाचा कोन वेगळा असतो. पिस्तूल रिकामं, सिलेंडर काढलेला.

दोन गोष्टी नियमाच्या. खालच्या शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी करायचा नाही, म्हणजे ती वर वळून हाताला पकडेल अशी घासू नका, आणि पुट्टी मनगटाच्या मागे येऊन मनगटाला आधार देईल असंही नको. शेल्फ हाताला नुसती टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे, दाबली की दहा मिनिटांनी हात सुजल्यासारखा होतो आणि पकड बदलते. सगळं झालं की पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या बॉक्समध्ये बसतंय ना ते क्लबमध्ये एकदा बघून घ्या. स्मॉल ग्रिपला ५० मिमी जाडीची अडचण सहसा येत नाही पण पुट्टी लावल्यावर येऊ शकते.

सहावी_सिरीज

ठरलं मग. एस ग्रिप, मेकॅनिकल ट्रिगर, दोन सिलेंडर आणि दोन्हीच्या तारखा आधी फोटोत मागवून. पुट्टीचा पहिला थर वाळला की डोळे मिटून दहा वेळा उचलते आणि किती वेळा मधोमध आली ते इथेच लिहिते.